धातु-प्रतिस्थापित हेटरोपॉली आम्ले : घन प्रोटॉन-वाहकांविषयीच्या दाव्यांची चिकित्सा

प्रस्तावना

घन पदार्थातून इलेक्ट्रॉन वाहतात, ही गोष्ट धातूंमुळे सर्वांच्या परिचयाची आहे. घन पदार्थातून प्रोटॉन वाहणे ही मात्र तुलनेने दुर्मिळ घटना होय. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधन घटाचा सारा व्यवहार याच घटनेवर अवलंबून असतो. एका इलेक्ट्रोडवर हायड्रोजनचे विघटन होते. निघालेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातात आणि प्रोटॉन मधल्या पटलातून पलीकडे पोहोचून ऑक्सिजनशी संयोग पावतात. हे पटल प्रोटॉनला वाट देणारे, इलेक्ट्रॉनला अडविणारे, वायू झिरपू न देणारे आणि पाण्यात न विरघळणारे असावे लागते. १९६० च्या दशकात ड्यू पाँट कंपनीत विकसित झालेला नाफिऑन हा बहुवारिक पदार्थ या अटी बऱ्याच अंशी पूर्ण करतो. पूर्ण ओल्या अवस्थेत त्याची वाहकता ०.१ सीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास असते. परंतु तापमान १०० अंश सेल्सिअसच्या जवळ गेले की तो कोरडा पडतो व वाहकता ढासळते. शिवाय तो महाग आहे. त्यामुळे पर्यायाचा शोध अनेक वर्षे चालू असून हेटरोपॉली आम्ले ही त्या शोधातील जुनी व मानाची उमेदवार आहेत.

गेल्या काही दशकांत या आम्लांच्या रेणूतील एखादा धातू-अणू काढून त्या जागी दुसरा धातू बसवावयाचा आणि मिळालेल्या पदार्थाची वाहकता नोंदवावयाची, अशा स्वरूपाचे संशोधन विपुल झाले. या निबंधांत सुधारलेल्या वाहकतेचे श्रेय बहुधा नव्या धातूच्या नावे जमा केले जाते. हा जमाखर्च तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्याचे प्रतिपाद्य असे की, धातूला दिल्या जाणाऱ्या श्रेयाचा मोठा भाग वस्तुतः पाण्याचा आहे. आणि हे दोन वाटे वेगळे करण्यासाठी जी तुलना आवश्यक आहे ती सोपी असूनही क्वचितच केली जाते.

पूर्वपीठिका

या कुळातील पहिल्या संयुगाची, अमोनियम फॉस्फोमॉलिब्डेटची, नोंद बर्झेलियसने १८२६ मध्ये केली. रचनेचे कोडे मात्र शंभराहून अधिक वर्षे सुटले नव्हते. मँचेस्टर येथे काम करणाऱ्या जे. एफ. केगिन यांनी १९३३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने १२-टंगस्टोफॉस्फोरिक आम्लाची रचना उलगडली. मध्यभागी फॉस्फरसचा अणू, त्याभोवती चार ऑक्सिजन आणि त्यांना वेढणारे टंगस्टनचे बारा अष्टफलक, तीन-तीनांच्या चार गटांत जोडलेले, असा हा सुमारे एक नॅनोमीटर व्यासाचा गोलाकार ऋणायन आहे. त्यावर तीन ऋण विद्युतभार असतात. ते बाहेरच्या छत्तीस ऑक्सिजन अणूंवर इतके विखुरलेले असतात की कोणताही एक ऑक्सिजन प्रोटॉनला घट्ट धरून ठेवू शकत नाही. या आम्लांची असाधारण तीव्रता येथूनच येते.

प्रोटॉन-वाहक म्हणून त्यांच्याकडे जगाचे लक्ष वेधले ते १९७९ मध्ये. जपानमधील नाकामुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ स्फटिकजल-रेणू असलेल्या टंगस्टोफॉस्फोरिक आम्लासाठी ०.१७ आणि तितकेच स्फटिकजल असलेल्या मॉलिब्डोफॉस्फोरिक आम्लासाठी ०.१८ सीमेन्स प्रति सेंटिमीटर इतकी वाहकता कक्ष-तापमानाला नोंदविली. दोनच वर्षे आधी, १९७७ मध्ये, गाजलेल्या हायड्रोजन युरॅनिल फॉस्फेटची वाहकता ०.००४ च्या घरात होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांनी निर्माण केलेल्या उत्साहाची कल्पना येते. त्यानंतरचे पुष्कळसे संशोधन या दोन आकड्यांच्या छायेत झाले आहे. ते आकडे कशाचे आहेत, हा प्रश्न मात्र मागे पडला.

पाण्याचा हिशेब

साधे गणित करून पाहावे. टंगस्टोफॉस्फोरिक आम्लाचा निर्जल रेणुभार सुमारे २८८० आहे. २९ जलरेणू धरले तर स्फटिकाच्या वजनात पाण्याचा वाटा १५ टक्क्यांहून थोडा अधिक भरतो. तुलनेने हलक्या मॉलिब्डेनमच्या आम्लात तोच वाटा २२ टक्क्यांवर जातो. तीन प्रोटॉनांना २९ जलरेणू म्हणजे एका किलोग्रॅम पाण्यामागे ५.७ मोल प्रोटॉन. बाटलीतल्या द्रावणाच्या भाषेत बोलावयाचे तर हे एक बऱ्यापैकी संहत तीव्र आम्ल झाले. तेवढ्याच संहतीच्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणाची वाहकता ०.८ च्या आसपास असते. म्हणजे ०.१७ हा आकडा घन पदार्थाच्या मानाने थक्क करणारा असला तरी, ऋणायनांच्या फटींत कोंडलेल्या आम्लद्रावणाच्या मानाने तो अनपेक्षित नाही. ऋणायन येथे मुख्यतः पाणी धरून ठेवणाऱ्या चौकटीचे काम करतो.

आता हेच पाणी काढून घ्यावे. २९ जलरेणूंचा स्फटिक उघड्या हवेत टिकत नाही. तो पाणी सोडत २१, मग १४ जलरेणूंच्या अवस्थेत येतो व तापविल्यावर ६ जलरेणूंच्या अवस्थेत पोहोचतो. या शेवटच्या अवस्थेत पाण्याचा वाटा ३.६ टक्के उरतो. ब्राऊन व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये न्यूट्रॉन विवर्तनाने दाखवून दिले की येथे प्रत्येक प्रोटॉन दोन जलरेणूंच्या मध्ये अडकलेला असतो. तीन प्रोटॉन, सहा जलरेणू. हिशेब पुरा होतो आणि मोकळे पाणी शिल्लक राहत नाही. परिणामी वाहकता काही टक्क्यांनी नव्हे, तर कित्येक दशपटींनी घसरते. ऋणायन तोच, धातू तेच, प्रोटॉनांची संख्या तीच. बदलले ते केवळ पाणी.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. वाहकतेचा आकडा आर्द्रतेच्या आकड्याविना निरर्थक आहे. जुलै महिन्यात रत्नागिरीस आणि एप्रिलमध्ये अकोल्यास एकाच बाटलीतील चूर्ण मोजले तर दोन भिन्न पदार्थ मोजल्यासारखे होईल, आणि बाटलीवरील नाव मात्र एकच राहील. ‘कक्ष-तापमानास’ एवढाच उल्लेख करून थांबणारे निबंध आजही आढळतात. आपल्याकडील ऋतुमान लक्षात घेता हा उल्लेख विशेषच अपुरा म्हणावा लागेल.

प्रतिस्थापनाने काय बदलते?

मूळ ऋणायनात टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम हे सहा धन विद्युतभारांच्या अवस्थेत असतात. त्यांतील एकाच्या जागी पाच विद्युतभारांचे व्हॅनेडियम आले की ऋणायनावरील ऋणभार तिनावरून चारावर जातो व आम्लात एक प्रोटॉन वाढतो. व्हॅनेडियमयुक्त मॉलिब्डोफॉस्फोरिक आम्लांची पद्धतशीर निर्मिती त्सिग्डिनोस व हॅलाडा यांनी १९६८ मध्ये दिली. आम्लीकृत द्रावणातून ईथरच्या साहाय्याने आम्ल वेगळे काढण्याची त्यांची रीत आजही प्रमाण मानली जाते. २००० नंतर चीनमधील हांगचौ येथील चच्यांग विद्यापीठातील छिंगयिन वू यांच्या गटाने फॉस्फरस, सिलिकॉन, जर्मेनियम असे मध्यवर्ती अणू बदलून आणि परिघावर व्हॅनेडियम बसवून अशा आम्लांची मोठी मालिकाच सादर केली. त्यांच्या कित्येक निबंधांत तापमानाबरोबर सापेक्ष आर्द्रताही नोंदविलेली असते, ही या लेखनाची जमेची बाजू होय.

परंतु प्रोटॉनांची संख्या तिनावरून चारावर जाण्याचा अर्थ काय? बाकी सर्व तसेच राहिले तर वाहकता एक-तृतीयांशाने वाढावी, एवढाच. एक-तृतीयांश वाढ आणि पाण्याच्या चढउताराने होणारे दशपटींचे बदल यांची तुलना केली म्हणजे प्रतिस्थापनाचा परिणाम दाखविणे किती नाजूक काम आहे हे ध्यानात येते. आर्द्रतेतील थोडासा फरकही तो सहज झाकून टाकील, किंवा त्याहून वाईट म्हणजे नसलेला परिणाम दाखवील. त्यातही ‘बाकी सर्व तसेच’ राहत नाही. ऋणभार वाढला की प्रोटॉनावरील ऋणायनाची पकड वाढते आणि आम्लाची तीव्रता थोडी उतरते. म्हणजे वाहक संख्येने वाढतात, पण प्रत्येकाची मोकळीक घटते. प्रतिस्थापित आम्लांची प्रसिद्ध मूल्ये बहुधा ०.००१ ते ०.०१ या पट्ट्यात आढळतात, म्हणजेच १९७९ मधील अप्रतिस्थापित आम्लांच्या मूल्यांहून कमीच. यात प्रतिस्थापनाचा दोष नाही. ती कमी आर्द्रतेत मोजलेली मूल्ये आहेत. मात्र ज्या तुलनेतून श्रेय ठरावयाचे ती तुलनाच येथे उपलब्ध नाही, हे मान्य करावयास हवे.

ही तुलना करण्याची सोय निसर्गाने करून ठेवली आहे. १२-टंगस्टोसिलिसिक आम्लात मध्यभागी फॉस्फरसऐवजी सिलिकॉन असतो. त्यामुळे परिघावरील बाराही टंगस्टन जागच्या जागी राहून ऋणभार मात्र चार होतो. एका व्हॅनेडियमने प्रतिस्थापित केलेल्या टंगस्टोफॉस्फोरिक आम्लाचा ऋणभारही चारच. केगिन रचना समान, आकार जवळजवळ समान, प्रोटॉन समान. फरक एवढाच की एकात परिघावर व्हॅनेडियम आहे, दुसऱ्यात नाही. व्हॅनेडियमचे वैशिष्ट्य दाखवावयाचे तर तुलना या जोडीची हवी. तीन प्रोटॉनांच्या आम्लाशी तुलना करून मिळालेला फरक विद्युतभाराचा की धातूचा, हे कोण सांगणार? टायटेनियमने प्रतिस्थापित केलेल्या, पाच विद्युतभारांच्या आम्लासाठी १२-टंगस्टोबोरिक आम्ल हे असेच जोडीदार ठरते. नवनवीन धातू बसविण्याच्या उत्साहात ही जुनी, नियमित आम्ले तुलनेच्या मेजावर येतच नाहीत, याचे नवल वाटते.

कोबाल्ट, निकेल, लोह यांसारख्या धातूंची गोष्ट थोडी निराळी आहे. बारापैकी एक टंगस्टन काढून तयार केलेल्या रिक्त ऋणायनात हे धातू बसविले जातात आणि त्यांच्या बाहेरच्या टोकाला ऑक्सिजनऐवजी संपूर्ण जलरेणू जोडला जातो. हा धातूला बांधलेला जलरेणू स्वतः प्रोटॉन देऊ शकतो. कमी आर्द्रतेत, मोकळे पाणी संपल्यावर, तो वाहनास मदत करतो काय, हा प्रश्न खरोखर मोलाचा आहे. आणि धातु-प्रतिस्थापनाच्या कल्पनेचे सामर्थ्य दिसावयाचे तर ते येथेच दिसेल. म्हणून अशा आम्लांच्या मोजमापात ९० टक्के आर्द्रतेपेक्षा २० टक्के आर्द्रतेवरील मूल्य अधिक बोलके ठरते.

पदार्थाची ओळख

जो पदार्थ बाटलीत आहे असे समजून वाहकता मोजली, तोच तेथे होता काय? एका व्हॅनेडियमचा केगिन ऋणायन एकाच प्रकारचा असतो, कारण बाराही जागा समतुल्य आहेत. दोन व्हॅनेडियम आले की त्यांच्या परस्पर-स्थानांनुसार पाच समघटक संभवतात आणि द्रावणात एक, दोन, तीन व्हॅनेडियमच्या ऋणायनांचे मिश्रणही असू शकते. तापविल्यावर व्हॅनेडियम चौकटीतून बाहेर पडतो व मूळ अप्रतिस्थापित ऋणायन मागे उरतो, हे मॉलिब्डेनमच्या आम्लांबाबत उत्प्रेरणाच्या अभ्यासातून चांगले माहीत आहे. रिक्त ऋणायनांपासून बनविलेल्या संयुगांना तर तीव्र आम्लता मानवत नाही. त्यांचे मुक्त आम्ल करून द्रावण आटविताना धातू निखळण्याचा धोका असतो. अवरक्त वर्णपटात केगिन चौकटीचे चार परिचित पट्टे दिसले म्हणून प्रतिस्थापन सिद्ध झाले असे मानण्याचा प्रघात आहे. ते पट्टे मूळ आम्लातही असतात. फॉस्फरसचा एन.एम.आर. वर्णपट यापेक्षा निर्णायक साक्ष देतो, कारण शेजारचा एक धातू बदलला तरी फॉस्फरसचा संकेत सरकतो. हा पुरावा नसलेल्या निबंधातील सूत्राकडे संयमाने पाहिलेले बरे.

मोजमाप आणि यंत्रणा

वाहकता सामान्यतः चूर्ण दाबून केलेल्या वडीवर, प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाच्या इम्पीडन्स पद्धतीने मोजतात. एक मिलिमीटर जाड व दहा मिलिमीटर व्यासाच्या वडीची वाहकता ०.१ असेल तर तिचा रोध जेमतेम १.३ ओहम भरतो. इतक्या लहान रोधात तारांचा व संपर्काचा अर्धा ओहम मिसळला तर आकडा पार बदलून जातो. उच्च वाहकतेचा दावा करणाऱ्यानेच याबाबत सर्वाधिक दक्ष असावयास हवे.

याहून गंभीर घोटाळा तापमानाच्या आलेखात होतो. २५ ते ५० अंशांपर्यंत वाहकता मोजून सक्रियण ऊर्जा काढतात. २५ अंशांना ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली हवा पाणी न घालता ५० अंशांपर्यंत तापविली की तिची सापेक्ष आर्द्रता १९ टक्क्यांवर येते, कारण संपृक्त बाष्पदाब या दरम्यान ३.२ वरून १२.३ किलोपास्कलपर्यंत चढतो. म्हणजे प्रत्येक मापनबिंदूवर नमुना वेगळा होत जातो. अशा आलेखाचा उतार हा प्रोटॉनच्या उडीची ऊर्जा नसून उडी व वाळणे यांची बेरीज-वजाबाकी असते.

आणि या संशयास्पद आकड्यावरून यंत्रणा ठरविली जाते. ग्रॉटहुसच्या १८०६ मधील कल्पनेवरून नाव पडलेल्या यंत्रणेत प्रोटॉन एका जलरेणूवरून दुसऱ्यावर उडी घेतो. क्रॉयर, राबेनाऊ व व्हेप्नर यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या वाहन-यंत्रणेत तो जलरेणूवर स्वार होऊन त्याच्यासह सरकतो. ०.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा, म्हणजे मोलमागे सुमारे ३९ किलोज्यूलपेक्षा, कमी ऊर्जा असेल तर ग्रॉटहुस, असा एक संकेत रूढ आहे. गंमत अशी की ३० किलोज्यूलच्या आसपासच्या मूल्यावरून काही लेखक ग्रॉटहुस यंत्रणा सिद्ध करतात, तर काही वाहन-यंत्रणा. एकाच आकड्यातून परस्परविरुद्ध निर्णय निघत असतील तर तो आकडा त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास असमर्थ आहे, एवढेच सिद्ध होते. जड पाण्याने हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम आणून वाहकतेचे गुणोत्तर पाहणे हा त्याहून सरळ मार्ग होय. प्रोटॉन एकटा उडत असेल तर साध्या अंदाजाने हे गुणोत्तर १.४ च्या जवळ यावे. जलरेणूसह जात असेल तर वाहनाचे वजन १९ वरून २२ होते आणि गुणोत्तर १.१ च्या आतच राहते.

आणखी एका गोष्टीची दखल घेणे आवश्यक आहे. मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम यांचे क्षपण सहज होते व आम्ल निळसर-हिरवे पडते. इंधन घटात एका बाजूस हायड्रोजन व प्लॅटिनम असल्याने ही शक्यता बळावते. क्षपण झालेल्या ऋणायनांतून इलेक्ट्रॉनही उड्या घेऊ लागतात. मग मोजलेली वाहकता सगळी प्रोटॉनची राहत नाही. एकदिश प्रवाहाने, प्रोटॉन अडविणाऱ्या इलेक्ट्रोडांमध्ये, ही शंका दूर करता येते. हवेत मोजलेल्या आकड्यावरून हायड्रोजनमधील वर्तनाचे भाकीत करणे धाडसाचे आहे.

उपयोजनाच्या दिशा

इंधन घटात पाणी तयार होते आणि हेटरोपॉली आम्ले पाण्यात विरघळतात. खरा अडसर हा आहे, आणि धातु-प्रतिस्थापन त्याला स्पर्शही करीत नाही. ज्यांनी हा अडसर समोर ठेवून काम केले त्यांची प्रगती अधिक भरीव दिसते. मिसोनो व ओकुहारा यांनी उत्प्रेरणासाठी अभ्यासलेला सीझियमचा आम्ल-क्षार अविद्राव्य असून काही प्रोटॉन राखून असतो. मल्होत्रा व दत्ता यांनी १९९७ मध्ये नाफिऑनमध्येच हेटरोपॉली आम्ल मुरवून अधिक तापमानास घट चालविण्याची दिशा दाखविली. रमणी, कुंझ व फेन्टन यांनी २००४ मध्ये त्या आम्लाच्या कणांचा आकार लहान करण्याचे महत्त्व पुढे आणले. पाण्यावरील अवलंबनच सोडून देणारा मार्ग हेली यांच्या गटाचा : सीझियम हायड्रोजन सल्फेटवर २००१ मध्ये व सीझियम डायहायड्रोजन फॉस्फेटवर २००४ मध्ये त्यांनी इंधन घट चालवून दाखविले. अर्थात तेही क्षार पाण्यात विरघळतात व त्यांना २०० अंशांच्या पुढेमागे तापमान लागते, हे विसरून चालणार नाही. प्रतिस्थापित आम्लाला या चित्रात स्थान आहे ते मुख्यतः संमिश्र पटलातील पूरक घटक म्हणून.

४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. त्यामुळे महाविद्यालयीन स्तरावरही या विषयातील प्रकल्पांची संख्या वाढणे स्वाभाविक आहे. हेटरोपॉली आम्लांचे रसायन त्यास अनुकूल आहे, कारण सोडियम टंगस्टेट, फॉस्फेट, व्हॅनेडेट आणि ईथर एवढ्या साहित्यावर संश्लेषण होते. आर्द्रता-नियंत्रित महागड्या कक्षाचीही अट नाही. डेसिकेटरच्या तळाशी संपृक्त लवणद्रावण ठेवले की २५ अंशांना लिथियम क्लोराइडवर ११, मॅग्नेशियम क्लोराइडवर ३३, मिठावर ७५ आणि पोटॅशियम सल्फेटवर ९७ टक्के आर्द्रता आपोआप राखली जाते. एका व्हॅनेडियमचे टंगस्टोफॉस्फोरिक आम्ल आणि टंगस्टोसिलिसिक आम्ल यांच्या दोन वड्या वजन स्थिर होईपर्यंत याच चार डेसिकेटरांत क्रमाक्रमाने ठेवाव्यात, प्रत्येक टप्प्यावर स्फटिकजल मोजावे आणि त्याच बंद पात्रात रोध घ्यावा. समान स्फटिकजलावर त्या दोन वड्यांत जो फरक उरेल, तेवढाच व्हॅनेडियमचा.